काच पुसून फोटो पाठवावा

फोटो बघून वस्तूची प्रकृती ओळखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, या गृहस्थाला नसत्या भानगडीत पडायला सांगितलं होतं कोणी? मी पाणीपुरवठा खात्यात आहे. लोक आपापल्या घरच्या पाण्याच्या मीटरचे फोटो काढून पाठवतात आणि ते बघून आकडा खरा की खोटा, मीटर चालू की बंद, काच फुटली की फोडली, हे मी खुर्चीवरून न उठता सांगतो. आमच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत एक वाक्य आहे : 'काच स्वच्छ पुसून फोटो पाठवावा.' ते वाक्य माझं आहे. साहेबांनी त्यात 'कृपया' घातलं होतं, पण फलकावर जागा पुरेना म्हणून पेंटरनं ते गाळलं. असो. साहित्यात माझी तेवढीच भर.

त्यामुळे मामांच्या नाण्याचा फोटो काढायची वेळ आली, तेव्हा हे काम घरात कोण करणार यावर चर्चा झालीच नाही. मी नुसता घसा खाकरला आणि सगळ्यांना ते समजलं.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. सगळी नोकरी स्टेशनवरच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मागच्या खोलीत राहायला आले. त्या कचेरीत लोकांच्या छत्र्या यायच्या, कवळ्या यायच्या, एकदा एक व्हायोलिन आलं होतं, एकदा फक्त डाव्या पायाचे तीन बूट. प्रत्येक वस्तूला मामा एक कार्ड बांधायचे आणि त्यावर सुबक अक्षरात वस्तूचं वर्णन आणि मालकाचं नाव लिहायचे. नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवायचे. ती कोरी जागा बघून आपल्याला रात्री झोप लागायची नाही, असं ते सांगतात. मामांना एरवी कुठेही, कशीही झोप लागते.

तर एकदा एका परदेशी प्रवाशाची ट्रंक मामांनी शोधून दिली आणि त्यानं खूश होऊन खिशातलं एक जुनं नाणं मामांच्या हातावर ठेवलं. छाप्याच्या बाजूला कुठलासा राजा, काट्याच्या बाजूला शिडांचं जहाज, आणि जहाजाच्या डोलकाठीच्या टोकावर, मामांच्या म्हणण्याप्रमाणे, एक इवलासा पक्षी. मामांनी समुद्र कधी पाहिला नाही. पण ते नाणं तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे, आणि गाडीला उशीर झाला, डोकं दुखलं, कोणी तावातावानं भांडायला आलं, की मामांचा हात खिशात जायचा आणि चेहरा शांत व्हायचा. समोरचा भांडत असायचा आणि मामा समुद्रावर.

आता मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. सगळं धुक्यात दिसतं. "तुझ्या बायकोचा आवाज आला की धुक्यातून एक पिवळं काहीतरी पुढे येतं आणि चहा देऊन परत जातं," असं ते म्हणतात. ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्याच सुमारास बायकोनं एकदा सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवताना एक बातमी वाचली, की नाणेसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन भरणार असून हौशी संग्राहकांनी आपल्या नाण्यांचे फोटो पाठवावेत; उत्तम स्थितीतली नाणी काचेच्या पेटीत मांडली जातील.

"खाली कार्ड असतं का, सूनबाई?" मामांनी विचारलं.

"असणारच. नाण्याची माहिती आणि मालकाचं नाव, असं दिलंय इथे."

मामांनी चहा संपवला. जेवताना एकदम म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या नावांची कार्डं लिहिली रे, भाचेबुवा. एकदा आपल्या नावाचं कार्ड वाचावंसं वाटतं. नीट दिसायला लागलं की पहिलं तेच वाचीन म्हणतो."

मामा कधी काही मागत नाहीत. भाजीत मीठ नसलं तरी मागत नाहीत. त्यामुळे मी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणालो, "मामा, फोटोचं माझ्याकडे लागलं."

मंडळाचे नियम मी मागवून घेतले. ते बघून मला भरून आलं, कारण ते आमच्या खात्यात शोभले असते. पार्श्वभूमी करडी असावी. शेजारी मोजपट्टी असावी. फ्लॅश मारू नये. फोटोत बोट येऊ नये. आता आमच्या घरात करडी वस्तू एकच, ती म्हणजे माझी ऑफिसची पँट. आणि रविवार असूनही ती मी घातलेली होती, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. मी गॅलरीत खुर्ची टाकली, गुडघ्यावर नाणं ठेवलं, शेजारी मोजपट्टी ठेवली, श्वास रोखला आणि दोन्ही बाजू टिपल्या. मंडळाच्या चिटणिसांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं :

'फोटो मिळाले. राजाच्या कपाळावर टक्कल असलेले एक गृहस्थ दिसतात. ते नाण्याचा भाग आहेत काय? तसेच पार्श्वभूमीस इस्त्री करावी.'

मीटरच्या काचेत लोकांची तोंडं उमटतात म्हणून मी किती जणांचे फोटो परत पाठवले असतील याचा हिशेब नाही. पण त्यांच्या टकलाचा उल्लेख मी कधी केलेला नाही. खात्याची एक सभ्यता असते.

बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जा ना. तो माणूस रोज फोटोच काढतो."

कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला ओळखपत्रांचे फोटो काढतो. त्यानं नाणं स्टुलावर ठेवलं, मागे निळा पडदा सोडला, मग करड्या रंगाची आठवण करून दिल्यावर करडा सोडला, आणि कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, "साहेब, हे चालणार नाही. दोन्ही कान दिसायला हवेत."

"राजा बाजूनं आहे. त्याला एकच कान आहे."

"मग परत पाठवतील हां. मागाहून मला बोलायचं नाही."

त्यानं अत्यंत नाइलाजानं फोटो काढला. संध्याकाळी फोटो हातात आला तेव्हा राजा मला जरा वेगळाच वाटला. गाल भरलेले, डोळ्यांखालची वर्तुळं गेलेली, रंग उजळलेला. "थोडं काम केलंय," स्टुडिओवाला आपुलकीनं म्हणाला. "त्याचे वेगळे नाही घेतले." मी तो पाठवला. उत्तर आलं : 'राजाचे वय बरेच घटले आहे. नाणे इतके नवे असल्यास ते जुने नाही. खरा फोटो पाठवावा.'

ही बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले. त्यांचं म्हणणं असं, की सगळा खेळ उजेडाचा असतो. त्यांनी मला दवाखान्यात नेलं, नाणं खुर्चीच्या डोकं टेकायच्या जागी ठेवलं आणि त्यावर तो मोठा दिवा ओढला. मी बाजूला मोबाइल घेऊन उभा. सवयीनं डॉक्टर नाण्याला म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." त्या दिव्यात नाण्यावरचा एकूण एक चरा उठून दिसला. जहाज एखाद्या झुडपात अडकल्यासारखं दिसत होतं. "कीड नाही," डॉक्टर वाकून म्हणाले, "पण झीज फार आहे. वरच्या बाजूला तर पार गुळगुळीत. कोणी घासतं का याला?" मी म्हटलं, डॉक्टर, नाणं आहे. मंडळाचं उत्तर : 'हे नाणे रस्त्यावरून फरपटत नेले होते काय?'

म्हणजे बघा. नाणं तेच. गॅलरीत ते धूसर, स्टुडिओत तरुण, दवाखान्यात मरणाला टेकलेलं. मी यावर विचार करत राहिलो. माणसाचंही असंच नाही का, कोणत्या उजेडात कोण बघतंय यावर त्याची किंमत ठरते, वगैरे वगैरे. मी हे बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "तुमचा तो फोटो दाखवला होता ना मला लग्नाआधी, तो कुठल्या उजेडात काढलेला?" मी एक ताट पुसायला घेतलं.

शेवटी मी एक दिवसाची रजा टाकली. दुपारी मागच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीतून मऊ, सगळीकडे सारखा उजेड येतो. पँटला इस्त्री करून ती टेबलावर पसरली. (या वेळी मी तिच्यात नव्हतो.) वर नाणं ठेवलं आणि भिंग घेऊन त्याच्यावर वाकलो. मामा पलंगावर उशीला टेकून बसले होते.

त्या दुपारचं मला नीट सांगता येणार नाही. भिंगातून बघता बघता ते जहाज हळूहळू मोठं झालं. पडदा हलला की सावली नाण्यावरून सरकायची आणि शिडं फुगायची. ढग आला की लाटा गडद व्हायच्या. बाहेर कोणाचा तरी पंप चालू होता, त्याची घरघर दूरवरच्या पाण्यासारखी वाटायला लागली. मला वाटलं, आपण सबंध आयुष्य पाण्याच्या आकड्यांत घालवलं, पण पाणी असं कधी बघितलं नाही. एवढ्याशा चांदीत किती लांबचा पल्ला होता! मी फोटो काढायला बसलोय हेच विसरलो. चहा आला, निवला, परत गेला. मी जहाजावर होतो आणि मला कोणी बोलावू नये असं वाटत होतं.

"पक्षी दिसला का रे?" मामांनी विचारलं.

मी परत खोलीत आलो. डोलकाठी होती. तिच्या टोकावर काही नव्हतं. तिथे चांदी नुसती सपाट, गुळगुळीत होती.

"कुठेशी, मामा?"

"टोकावर. पंख जरा उचललेले आहेत बघ. आत्ता उडेल असा. तो फोटोत यायला हवा हं. त्या पक्ष्यावरच सगळं आहे."

"येईल, मामा," मी म्हणालो.

आता इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण माझ्या अंगात खातं शिरलं. आकडा दिसत नाही, म्हणजे काच मळलेली आहे. पक्षी दिसत नाही, म्हणजे वर मळ बसलाय. इतकी सरळ गोष्ट एवढे दिवस सुचली कशी नाही म्हणून मी स्वतःवरच हसलो. कपाटात माझी काच पुसायच्या द्रवाची बाटली होती. तो द्रव मी स्वतः निवडलेला आहे आणि आमच्या खात्यात तो माझ्या शिफारशीवरून वापरतात. दोन फवारे मारले आणि रुमालानं नाणं पुसलं. काळपट थर निघायला लागला, तसा मला चेव आला. कडेनं पुसलं, मधून पुसलं, राजाच्या कानामागून पुसलं. पक्षी काही निघाला नाही, पण नाणं असं लखलखायला लागलं, की बायको दारातून म्हणाली, "अगबाई, भांडं छान निघालं!" मी फोटो काढले आणि खाली लिहिलं : 'स्वच्छ पुसून पाठवीत आहे.'

या वेळी उत्तर आलं नाही. थेट फोन आला.

"आपण नाणं पुसलंत?" चिटणीस विचारत होते. आवाज वयस्कर आणि अगदी खोल.

"हो. स्वच्छ."

पलीकडे खुर्ची ओढून कोणी खाली बसल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अहो, तो काळा रंग म्हणजे मळ नव्हता. तो नाण्याला चढायला माणसांची आयुष्यं जातात. नाणं कधीही पुसायचं नसतं. लहान मुलालासुद्धा हे..." इथे त्यांचा आवाज फाटला.

"पण मग... पक्षी माझ्यामुळे गेला का?"

"नाही. ते पाप तुमचं नाही. तुमच्या त्या पहिल्या फोटोतही पक्षी नाहीये. जहाजाच्या बाजूलाही टक्कल आलंय, त्याच्या वर बघा. ती झीज जुनी आहे. कोणीतरी वर्षानुवर्षं एकाच जागी अंगठा फिरवलाय. हे नाणं आम्हाला मांडता येणार नाही."

मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत डोकावलो. नाणं माझ्याकडे असल्यामुळे मामांचा हात रिकामा होता. तरी ते डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू फिरत होता. चेहरा शांत. ते समुद्रावर होते.

मला फार वाईट वाटलं. माझं मला वाटलंच, पण त्याहून मामांचं. ज्या पक्ष्याला त्यांनी एवढा जीव लावला, त्याला त्यांनी स्वतःच्याच हातानं पुसून टाकलं होतं, आणि हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी ते केलं नाही. "काय म्हणाले रे?" असं मामांनी विचारलं की मी म्हणायचो, "प्रकरण विचाराधीन आहे." हा शब्द आमच्या खात्यात फार उपयोगी पडतो, त्याच्या आडोशाला कित्येकांचे अर्ज सुखानं झोपलेले आहेत. पण मामांच्या ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा ते सांगून आले, की पट्टी कधी सुटेल ते बघा, मला एक कार्ड वाचायला जायचंय.

माझं ऑफिसातलं लक्ष उडालं. मीटरच्या फोटोंत मला डोलकाठ्या दिसायला लागल्या. एका बाईंना मी 'पक्षी अस्पष्ट' असा शेरा मारून फोटो परत पाठवला. त्या तक्रार घेऊन आल्या, आणि साहेबांनी मला बोलावून घेऊन घरी सगळं ठीक आहे ना असं ज्या पद्धतीनं विचारलं, ती पद्धत मी विसरणार नाही.

आणि मग चिटणिसांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज जरा ओशाळा होता. "आपलं ते नाणं अजून आहे ना?"

"आहे."

"त्याचं असं आहे, प्रदर्शनात आम्ही एक पेटी नवशिक्यांसाठी ठेवतो आहोत. 'नाणी कशी जपू नयेत' म्हणून. एक घासलेलं नाणं हवं होतं आणि एक चुकीनं पुसलेलं. आमच्या सभासदांकडे अशी पुष्कळ आहेत, पण नाव द्यायला कोणी तयार होत नाही. आणि तुमच्याकडे दोन्ही दोष एकाच नाण्यात आहेत. असं सहसा मिळत नाही हो."

दुसरा कोणी असता तर त्यानं फोन आपटला असता. माझाही हात तिकडे गेला होता. पण माझ्या डोळ्यांसमोर एक कार्ड आलं. मी म्हणालो, "देतो. एका अटीवर. खाली मामांचं नाव पाहिजे. पूर्ण. सुबक अक्षरात."

"आनंदानं," चिटणीस म्हणाले. नाव द्यायला तयार झालेला माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत होता.

मामांना मी एवढंच सांगितलं, की नाणं पेटीत ठेवणार आहेत. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि नुसतं "वा" म्हणाले. मी बायकोला माझी योजना सांगितली : मामांना पेटीपासून जरा लांब उभं करायचं, मी मधे उभं राहायचं, नाव वाचून झालं की चहाला न्यायचं.

"त्यांचे डोळे करून आणताय ना?" बायको म्हणाली. "चांगले करून आणताय. तुम्ही काय काय झाकणार?"

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुटली तेव्हा मामा आधी बायकोकडे बघून म्हणाले, "अरेच्चा, पिवळी नाही की ही," आणि मग माझ्याकडे बघून, "तुझे केस कुठे गेले रे?" धुकं गेलं होतं. पेपरातलं बारीक अक्षरसुद्धा त्यांना वाचता येत होतं. मी माझी योजना मनात पुन्हा एकदा घोकली.

प्रदर्शन एका जुन्या, उंच छताच्या दालनात होतं. वरच्या खिडक्यांतून उजेड तिरपा उतरत होता आणि लोक काचेच्या पेट्यांमधून हळू आवाजात बोलत फिरत होते. सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं. मामा नवी इस्त्री केलेला शर्ट घालून आले होते. खिसा रिकामा होता, तरी हात अधूनमधून तिकडे जायचा. कोपऱ्यातल्या पेटीपाशी आलो तसा मी ठरल्याप्रमाणे मधे उभा राहिलो. मामांनी मला हातानं अलगद बाजूला केलं, कचेरीत एखादी छत्री बाजूला करावी तसं, आणि ते वाकले.

त्यांनी कार्ड मोठ्यानं वाचलं, थांबून थांबून. आधी आपलं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग पुढचं. "'स्थिती : खराब. डोलकाठीवरील पक्षी नष्ट. कारण : मालकाचा अंगठा. पृष्ठभाग चुकीने पुसलेला. कारण : मालकाचा भाचा.'"

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. बायकोनं मामांचा हात धरला.

"पक्षी नाही?" मामांनी विचारलं.

"नाही, मामा."

"केव्हापासून?"

"बरीच वर्षं झाली असतील."

मामांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि नव्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिले, जणू कोणाची तरी हरवलेली वस्तू सापडली होती आणि मालकाचं नाव आठवत नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्यावरूनच हात फिरवत होतो," ते म्हणाले. "आणि मला तो लागायचा रे. रोज लागायचा." मग त्यांनी पुन्हा कार्डाकडे बघितलं. "पण नोंद चोख केलीय. वस्तू, मालक, कारण. एवढी पूर्ण कार्डं मीसुद्धा फार लिहिली नाहीत. आणि तूही आलास की कार्डावर, भाचेबुवा!" असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता त्यांच्या नव्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही असं सांगितलं होतं. पण त्यांना बाहेरचं पाणी म्हणायचं असणार.

मग मामांनी हात पुढे केला आणि काचेवर, बरोबर डोलकाठीच्या टोकापाशी, अंगठा टेकवला. अगदी हलकेच.

"ओ, काचेला हात लावायचा नाही," पहारेकरी लांबून ओरडला.

मामांनी हात मागे घेतला. काचेवर अंगठ्याचा ठसा राहिला होता. समोरून बघितलं की तो जहाजाच्या वर, डोलकाठीच्या टोकावर यायचा. त्याला पंख होते असं मी म्हणणार नाही. ठसा होता, ठशासारखाच.

माझा हात सवयीनं खिशात गेला. रुमाल बाहेर आलासुद्धा. आणि मग मी तो घडी करून परत ठेवला.

"अहो, एक फोटो काढा की," बायको म्हणाली.

मी वाकलो, उजेड बघितला, श्वास रोखला आणि फोटो काढला. काच मळलेली, वर बोटाचा डाग, कोपऱ्यात टक्कल. आमच्या खात्यात आला असता तर मी तो बघताक्षणी परत पाठवला असता. मामांनी तो आपल्या पलंगाशेजारच्या भिंतीवर लावलाय, आणि आल्यागेल्याला ते त्यातला पक्षी दाखवतात.